वाटणीच्या भिंती पाडायच्या आहेत (नारायण पेठ, तीन चिंचोळी घरे, एक इमारत)

ओसरीवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षे नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

पुण्यात नारायण पेठेत आमचा वाडा आहे. म्हणजे वाडा म्हणायचा म्हणून. आजोबांच्या तीन मुलांत वाटण्या झाल्या तेव्हा प्रत्येकाला रस्त्यावरचा भाग हवा होता आणि मागचा बोळ कुणालाच नको होता. मग वडी कापावी तसे पुढून मागे तीन पट्टे पाडले. आमचा १४ फूट रुंद, मधला ११, पलीकडचा साडेतेरा. लांबी तिन्हींची ६८ फूट. तीन दारे, तीन जिने, तीन संडास, विजेचे तीन मीटर. मधल्या चौकाचेही तीन तुकडे झाले आणि प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर पत्रा टाकून मोरी केली. तेव्हापासून माजघरात दिवसा दिवा लावावा लागतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले तेव्हा मधल्या पट्ट्याची मागची भिंत गेली. ती पुढे सिमेंटात बांधली. पलीकडच्यांनी सत्तरच्या सुमारास आपली पहिल्या मजल्याची जमीन उचलून घेतली, त्यामुळे आता आमच्या जमिनीत आणि त्यांच्या जमिनीत सहा इंचांचा फरक आहे. रस्ता दर दोन-चार वर्षांनी डांबर खाऊन वर येतो, आम्ही तिथेच. पूर्वी दुकानाला तीन पायऱ्या चढून जायचो, आता अर्धी उरली आहे.

आता मुद्दा. आम्ही तिघे चुलत भावंडे एकत्र यायला तयार आहोत. (हे वाक्य आमच्या घराण्यात साठ वर्षांत पहिल्यांदा लिहिले जातेय.) विचार असा : तळमजल्यावर दुकाने, त्यातले एक १९७४ पासूनच्या भाडेकरूंचे वह्या-पुस्तकांचे, ते राहणारच. पहिल्या मजल्यावर स्पर्धा परीक्षावाल्या मुलामुलींसाठी अभ्यासिका. वरच्या मजल्यावर दोन छोटी घरे, एकात ८१ वर्षांच्या काकू. त्या बाणेरला जायला तयार नाहीत आणि मला ते पटते.

लाकूड सागवानी, बरेचसे चांगले दिसते. वाटणीच्या भिंती पाडता येतील का? जिना कुठे काढावा? कुणी असे काम केले असेल तर कृपया लिहा.

तिरकस

लाकडाला वाळवी आणि मालकाला आठवणी, दोन्हींवर उपाय एकच. बिल्डरला द्या, तिघे तीन फ्लॅट घ्या, काकूंना लिफ्ट मिळेल. अभ्यासिका वगैरे ठीक, पण दुरुस्तीला जेवढा पैसा ओताल तेवढ्यात नवे उभे राहते. माझा मावसभाऊ अजून पस्तावतोय.

ओसरीवाला

तिरकसराव, तीन बिल्डर येऊन गेले. पट्टे वेगवेगळे असताना एकालाही रस नव्हता. एकत्र केले तर देतो म्हणाले, पण सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), पार्किंग आणि भाडेकरूची जागा वजा केल्यावर आमच्या वाट्याला जे उरत होते ते ऐकून काकू हसल्या. एवढे बोलून थांबतो.

शंभर_मीटर

तुमच्याकडे निदान पाडायचा पर्याय तरी आहे. आम्ही शनिवारवाड्याच्या १०० मीटरच्या आतले. केंद्राच्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली तेव्हापासून संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरमध्ये नवे बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. डागडुजी करता येते, तीही परवानगी काढून. त्यामुळे आमच्या आळीत सगळेच जण दुरुस्तीचे तज्ज्ञ झालेत. सगळे लिहा, आमच्या कामाला येईल.

कडीपाट

निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर. अशी कामे केली आहेत, काही चुकलीही आहेत, म्हणून जरा सविस्तर.

वाड्याचे वजन भिंतीवर नसते, लाकडी सांगाड्यावर असते. तळखड्यावर (पायाच्या दगडावर) खांब, खांबावर तुळई (जाड आडवे लाकूड), तुळईवर कड्या (बारीक आडवी लाकडे), त्यावर पाट (फळ्या) आणि मातीची जमीन. दोन खांबांमधल्या विटा नुसत्या भरावाच्या. हे वाचून लोकांना वाटते की वाटणीची भिंत मागाहून घातलेली, तिच्यावर काय भार असणार, घाला हातोडा. इथेच घात होतो. साठ वर्षांत तुळई वाकते आणि वाकून त्या भिंतीच्या डोक्यावर बसते. बांधली तेव्हा आडोसा असलेली भिंत आज टेकू झालेली असते. भिंतीच्या माथ्याशी पत्र्याची पातळ पट्टी सरकवून बघा. सरकली नाही तर तुळई बसली असे समजा.

दुसरी शक्यता वाईट. वाटणी करणाऱ्याने भिंत खांबांच्या ओळीतच घातली असेल तर तुमचे खांब विटांत गाडलेले आहेत. लाकडाला हवा लागत नाही, ओल बाहेर पडत नाही. बाहेरून खांब दिसतच नाही आणि आतून बुंध्याशी भुसा झालेला असतो. तुळईचे पण मधले अंग ठणठणीत आणि भिंतीत घुसलेली टोके कुजलेली, हे नेहमीचे. रंग खरवडून टोकाशी स्क्रू ड्रायव्हर दाबा. बोटभर आत गेला तर मला फोटो पाठवा.

काढायची पद्धत : आधी टेकू, मग भिंत. टेकू फक्त त्या मजल्यावर देऊन चालत नाही, थेट जमिनीपर्यंत एका रेषेत खाली आले पाहिजेत. नाहीतर वरचा भार खालच्या मजल्याच्या कड्यांवर येतो. भिंत वरून खाली उतरवायची, आणि एका वेळी एकच खण (दोन खांबांमधला भाग). आणि मेहेरबानी करून वाकलेली तुळई जॅक लावून सरळ करायला जाऊ नका. साठ वर्षांचा बाक तो, उलटा वळवायला गेलात तर चिरते. भार घेण्यापुरता जॅक लावायचा आणि आहे त्या बाकात दोन्ही अंगांनी लोखंडी चॅनेल बोल्टने आवळायचे.

जिन्याचे नंतर लिहितो. खरी अडचण तिथेच आहे, भिंतीत नाही.

चिनूचीआई

माझी मुलगी दोन वर्षे अशाच एका पेठी अभ्यासिकेत बसायची. लाकडी जिना, दोन फूट रुंद, वर साठेक मुलं, खिडक्या एसीसाठी बंद आणि खाली दारात दुचाक्या. एकदा मीटरबोर्डातून धूर आला तेव्हा सगळी मुलं त्या एका जिन्यावर. कुणाला काही झालं नाही, पण मी त्या रात्री झोपले नाही. तुम्ही अभ्यासिका काढणार असाल तर उतरायला दुसरी वाट हवी, मागच्या बोळाकडून. आणि मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह त्याच मजल्यावर. नकाशात "टॉयलेट" लिहून जिन्याखाली ठेवू नका.

सिंगापुरी_काकू

इथे सिंगापुरात शॉपहाउस नावाचा प्रकार आहे, अगदी तुमच्या पट्ट्यांसारखा. पंधरा-अठरा फूट तोंड, लांबी वाटेल तेवढी, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. दोन घरांत एक सामाईक भिंत आणि लाकडी तुळया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, म्हणून तुळईच्या लांबीएवढीच घराची रुंदी. पुढे पाच फुटांची झाकलेली वाट, तिचा नियम थेट हे शहर वसवणाऱ्या रॅफल्सच्या १८२२ च्या नगररचनेतला. १९८९ मध्ये सरकारने चायनाटाउन, लिटल इंडिया, कामपोंग ग्लाम वगैरे भाग जतनाखाली आणले, त्यानंतर अशा घरांची कार्यालये, हॉटेले, खानावळी झाल्या.

सांगायचे कारण वेगळेच. दोन-तीन शॉपहाउसेस एकत्र करतात तेव्हा इथे सामाईक भिंत सबंध काढत नाहीत. तिच्यात दारे पाडतात. आत गेल्यावर कळते की आपण एका घरातून दुसऱ्यात आलो. आणि मधला उघडा चौक, एअरवेल म्हणतात, तो असला तरच अशा लांबट घराला उजेड. लिटल इंडियात मी जिथे डोसा खाते तिथे तो काचेने झाकलाय. उजेड आहे, पण वारा गेला. तुम्ही झाकू नका.

कडीपाट

काकू, चौकाबद्दल शंभर टक्के. भिंतीबद्दल एक फरक : तिथली सामाईक भिंत तुळया पेलते, म्हणून ती ठेवणे भाग आहे. इथे सांगाडा पेलतो. तरी तुमची युक्ती ओसरीवाल्यांना उपयोगी आहे. सगळी भिंत काढून मोठा हॉल करण्यापेक्षा खांबांच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट भिंत ठेवून मधे दारे पाडली तर भूकंपात आडवा आधार राहतो, आणि टेकूचे काम निम्म्यावर येते.

वकिली_चष्मा

बांधकामाआधी कागद. तीन सिटी सर्व्हे नंबर असतील तर मोजणी करून एकत्रीकरण करून घ्या. त्याआधी तिघांत नोंदणीकृत करार : आता पट्टा कुणाचाच नाही, सबंध मिळकतीत अविभक्त हिस्सा. हे केले नाही तर उद्या जिना कुणाच्या जागेत आला आणि संडास कुणाच्या, यावर दावे चालतील. मी असे दावे लढवूनच पोट भरतो, तरी सांगतोय.

भाडेकरूंचे : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९. कलम १६ मध्ये जागा रिकामी केल्याशिवाय दुरुस्ती होत नसेल तर न्यायालयामार्फत ताबा मागता येतो, पण दुरुस्ती झाल्यावर भाडेकरूला परत यायचा हक्क आहे. संबंध चांगले असतील तर कोर्टात जाऊच नका. किती चौरस फूट, कुठल्या तोंडाला, किती महिन्यांत परत, तोवर सोय कुठे आणि भाडे किती, हे लिहून नोंदवा. वर्षाला ४ टक्के वाढ कायद्यानेच मिळते, ती बरेच मालक मागायची विसरतात.

तिरकस

म्हणजे आधी तीन भावंडांनी आपापला पट्टा सोडायचा. शुभेच्छा.

ओसरीवाला

तिरकसराव, तुमची जीभ काळी आहे. तिथेच अडलो.

कडीपाट साहेब, तुमच्या सांगण्यावरून पत्र्याची पट्टी घेऊन फिरलो. सात जागी पाहिले, पाच जागी सरकली नाही. आमच्या आणि मधल्या घरातली भिंत खरोखरच खांबांच्या ओळीत आहे. एका खांबाचा बुंधा उकरला तर हाताने भुसा निघाला. काकू म्हणाल्या, "तो खांब सासूबाईंच्या वेळेपासून बोलतो." कर-कर आवाजाला आम्ही बोलणे म्हणायचो.

जिन्यांचे सांगा. आमचे तिन्ही जिने भिंतीतले, काळोखे, दोर धरून चढायचे.

कडीपाट

नॅशनल बिल्डिंग कोड घरासाठी पायरीची उंची १९० मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो. लोकांच्या वापराची जागा आली की १५० आणि पायरीची रुंदी ३००. तुमचा मजला साडेनऊ फूट, म्हणजे साधारण २९०० मिलिमीटर. १५० ने भागले की २० पायऱ्या. दीड मीटर रुंदीचा, मधे वळण घेणारा जिना धरा. आडवे तीन मीटर, म्हणजे दहा फूट. लांबी खालचा-वरचा चौथरा (पायऱ्यांच्या टोकाची सपाट जागा) धरून १९ फूट.

आता तुमच्या पट्ट्यांची रुंदी बघा. १४, ११, साडेतेरा. जिना १४ च्या पट्ट्यात टाकलात तर शेजारी चार फुटांची बिनकामाची गल्ली उरते. ११ च्या पट्ट्यात टाकलात तर तो तंतोतंत बसतो, आणि दोन्ही बाजूंच्या घरांना मधूनच दारे मिळतात. त्याच्या मागे त्याच पट्ट्यात चौक उघडा करायचा. चौकामागे संडास-मोऱ्यांचे नळ एका उभ्या ओळीत. म्हणजे मधला सबंध पट्टा वारा, पाणी आणि पाय यांना जाईल. राहायला, भाड्याने द्यायला त्यात एक खोलीही उरणार नाही.

मला माहीत आहे हे कुणाला तरी झोंबणार आहे. पण तीन चिंचोळी घरे जोडायची तर जिन्याची जागा आधी ठरते. बाकी सगळे त्याच्याभोवती येते.

ओसरीवाला

झोंबले. मधला पट्टा चुलतभावाचा. त्याचे म्हणणे, आजोबांनी आधीच सगळ्यात अरुंद पट्टा माझ्या वडिलांना दिला, आणि आता तोही जिन्याला? म्हणणे चूक नाही. तीन आठवडे बोलणे बंद होते. महिनाभराने लिहीन.

चुनखडी

तोवर भिंतींबद्दल. ठेवणार असाल त्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा अजिबात नको. माती-चुन्यातली भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटने तोंड बंद केले की ओल आत अडकते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, दोन वर्षांत पापुद्रे. मग लोक म्हणतात जुनी भिंतच खराब.

कळीचा (न विझवलेला) चुना आणून स्वतःच्या देखरेखीखाली भिजवा, निदान काही आठवडे मुरू द्या. पिशवीतली भुकटी पाण्यात कालवून ताबडतोब थापली की तडे जातात आणि दोष चुन्याला. सुरखीसाठी (चुन्यात घालायच्या विटांच्या भुकटीसाठी) पाडलेल्या भिंतीच्याच विटा कुटा. जुने कारागीर गूळ आणि हिरड्याचे पाणी घालतात, घालू द्या. आणि घाई करू नका. चुना हवेतून घट्ट होतो, त्याला त्याचा वेळ लागतो.

चिनूचीआई

हिरडा भिंतीला? आम्ही पोटाला घेतो.

चुनखडी

पोटाला मोकळे करतो, भिंतीला बांधून ठेवतो.

ओसरीवाला

नमस्कार. महिना म्हणालो होतो, चौदा महिने झाले. क्षमस्व. आता सांगण्यासारखे आहे.

भावाचे असे सुटले. वकिली_चष्मा यांनी लिहिले होते ते घरात मोठ्याने वाचून दाखवले. पट्ट्यांच्या रुंदीप्रमाणे हिस्से धरले असते तर त्याचा वाटा सगळ्यात लहान. आम्ही ते सोडून दिले आणि सबंध मिळकतीत प्रत्येकी एक तृतीयांश केले. म्हणजे माझ्या पट्ट्याची रुंदी मी थोडी गमावली, बहिणीने थोडी, आणि साठ वर्षांपूर्वीची वाटणी त्याच्या बाजूने दुरुस्त झाली. बायकोने मला विचारले, किती फूट गेले? मी हिशेब केला नाही. (केला. अडीचशे चौरस फुटांच्या आत आहे तिन्ही मजले मिळून, आणि अजून टोचतो.)

वेळापत्रक ना इंजिनिअरने ठरवले ना आम्ही. पुस्तकवाल्यांनी ठरवले. त्यांची अट एकच : जूनच्या आधी दुकान परत. शाळा उघडायच्या पंधरा दिवसांत त्यांचा निम्मा धंदा. शिवाय कौले उतरवून पावसाच्या आत परत चढवायची. म्हणून तुळशीच्या लग्नानंतर काम सुरू केले आणि उलटी गणती करत गेलो. त्यांना मागच्या बोळाकडची खोली दिली होती. "दुकान मागे आहे" अशी पाटी त्यांनी स्वतः खडूने लिहिली आणि बाणाचे तोंड दोन दिवस उलटे होते.

गाडलेल्या खांबांपैकी चार बदलावे लागले. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पाडलेल्या वाड्यांचे सागवान मिळते, तिथे जाऊन निवडले. दुसऱ्या कुणाच्या तरी वाड्याचे खांब आहेत, एकावर खुंटी ठोकल्याची खूण तशीच. तुळयांना चॅनेल लावले. सरळ करायचा मोह सुताराला झाला होता, त्याला तुमचा प्रतिसाद दाखवला.

जिना मधल्या पट्ट्यात, मोजून बसला. डावीकडचा पहिला मजला चौथऱ्याच्या पातळीत आला आणि उजवीकडचा सहा इंच वर, म्हणजे बरोबर एक पायरी. मला फार आनंद झाला होता.

कडीपाट

आनंद आवरा. एकटी पायरी सगळ्यात धोक्याची, डोळ्याला ती दिसत नाही. काठाला वेगळ्या रंगाची पट्टी आणि बाजूला कठडा आहे का? ८१ वर्षांच्या काकू आहेत घरात.

ओसरीवाला

पट्टी आहे. कठडा काकू पहिल्यांदा ठेचकाळल्यावर लावला. लागले नाही, पण आठवडाभर ऐकून घेतले.

चौक उघडा केला तेव्हा तीन पत्रे, दोन टाक्या आणि कुणाचे तरी लहानपणीचे तीनचाकी निघाले. पहिल्या पावसात चारी पन्हळींचे पाणी एकदम चौकात आले आणि जिन्याच्या पायथ्याशी तळे. गटाराचा उतार रस्त्याकडे ठेवला होता, पण रस्ताच वर. आता पाणी मागच्या बोळाकडे काढलेय. दुकानांच्या उंबऱ्याला नऊ इंच उंची दिली, पुढची दहा-बारा वर्षे डांबराशी टक्कर घेता येईल.

मागच्या बाजूला बोळात उतरणारा लोखंडी जिना आहे, चिनूचीआई. अभ्यासिकेत ३६ जागा, त्याहून एकही नाही. वायरिंग सगळे नवे, लाकडाला कुठेही टेकलेले नाही. मुलींचे स्वच्छतागृह त्याच मजल्यावर.

कर्जाचे मात्र जमले नाही. ज्या बँकेत चाळीस वर्षे खाते त्यांचा मूल्यांकन करणारा आला, लाकडी म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तिघांच्या ठेवी मोडल्या.

तिरकस

वाचले. मागे घेत नाही, पण वाचले. त्या ११ फुटांच्या भावाचे काय?

ओसरीवाला

रविवारी येतो. चौकात खुर्ची टाकून पेपर वाचतो आणि वर जाणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो की हा जिना माझ्या हिश्श्यातला आहे.

शंभर_मीटर

आमच्या आळीतले चौघे येऊन बघून जाऊ का? खांबाचे बुंधे आणि चॅनेल बघायचे आहेत.

ओसरीवाला

जरूर. मधल्या दाराने या. चौथा खांब गिलावा न करता उघडाच ठेवलाय, बोल्ट दिसतात.

कडीपाट

बोल्ट दिसतात तेच बघायला सांगतो. पावसाळा गेल्यावर लाकूड आकसते, एकदा सगळे आवळून घ्या. पान्यावर दोन माणसे लटकायची गरज नाही, वॉशर लाकडात रुतला की थांबा.

ओसरीवाला

दिवाळीच्या सुट्टीत करतो. तिसऱ्या मीटरचे काय करायचे तेही तेव्हाच ठरवू, तो अजून आजोबांच्या नावावर आहे.